चार म्हणजे शून्य

कोल्ड स्टोरेजमध्ये सगळे त्यांना हुंगेकाका म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं, पण एकदा एका नव्या कारकुनाने त्यांच्या सुट्टीच्या अर्जावर खरोखरच 'श्री. हुंगे' असं टाइप केलं आणि काकांनी त्याखाली मुकाट्याने सही ठोकली. नाव पडलं होतं ते नाकामुळे. मासे, मटार आणि आइस्क्रीम गोठवून ठेवणारी ती भलीमोठी इमारत अमोनियावर थंड राहायची. अमोनिया पाइपात आहे तोवर गरीब गाय, आणि बाहेर आला की माणसाचा श्वास कोंडणारा. तो बाहेर येतोय याची कुणकुण सगळ्यात आधी लागायची ती काकांना. भिंतीवरचं पॅनेल बोंबलायच्या आधी काका दारात थबकायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्या कॉम्प्रेसरच्या मागे बघा रे." बघावं, तर तिथेच कुठेतरी व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची ग्लँड गळत असायची.

चोवीस वर्षं हे असं चाललं. मग दीड वर्षापूर्वी काकांना साधासा ताप आला, आठ दिवसांत उतरला, आणि जाताना त्यांची वासाची जाण घेऊन गेला.

आधी त्यांना वाटलं, सर्दी आहे. महिना झाला, दोन झाले. साबणाला वास नाही, चहाला नाही, मळलेल्या मोज्यांनाही नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कधीकधी येतो. कधीकधी नाही येत." एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा होता, असं काका घरी येऊन बायकोला म्हणाले. बायको हसली नाही. कारण त्याच आठवड्यात एका सकाळी दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि काका तिथेच, हाताच्या अंतरावर, निवांत पेपर वाचत बसले होते. गॅस भसाभस सुटत होता. बायको न्हाणीतून ओल्या केसांनी धावत आली, तिने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मग तिथेच जमिनीवर बसली.

"अहो, तुम्ही कामावर सांगून टाका," ती म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

त्यांनी सांगितलं नाही. नाक गेलेल्या हुंगेकाकांचं तिथे काय काम, हा प्रश्न त्यांना रोज पडायचा आणि त्याचं उत्तर त्यांना ऐकायचं नव्हतं. मग त्यांनी युक्त्या शोधल्या. अमोनिया लागला की गुलाबी होणाऱ्या कागदाच्या पट्ट्या असतात. त्या खिशात ठेवून, जिभेने ओल्या करून, ते गुपचूप पाइपांच्या सांध्यांशी धरायचे. कुणाला तरी बरोबर घेऊनच पंपरूममध्ये उतरायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्याच्या नाकपुड्या हलल्या की काका गंभीरपणे म्हणायचे, "हं. येतोय थोडा." गॅस फारच वाढला तर डोळे चुरचुरायचे, ते त्यांनाही कळायचं. पण तोवर फार उशीर झालेला असणार, हेही त्यांना कळत होतं.

अशात एका सोमवारी पॅनेलवाली बाई आली.

पॅनेल म्हणजे मशीनरूमच्या बाहेरची राखाडी पेटी. चार ठिकाणी चार सेन्सर: मशीनरूममध्ये दोन, पंपरूममध्ये एक, माल चढवायच्या बोळात एक. हवेच्या दहा लाख भागांत गॅस पंचवीसच्या वर गेला की पिवळा दिवा, पन्नासच्या वर गेला की लाल दिवा आणि भोंगा. मधलं काही नाही. चोवीस असला तरी हिरवा आणि शून्य असला तरी हिरवाच. आता ठरलं होतं की चारही सेन्सरचे आकडे कंट्रोलरूमच्या पडद्यावर सतत दिसायला हवेत. त्यासाठी पेटीत नवं कार्ड बसवून त्याच्या तारा कंट्रोलरूमपर्यंत न्यायच्या होत्या. चीफसाहेबांनी काकांना बोलावून सांगितलं, "काका, मॅडमना लागेल ती मदत करा. तुमच्याइतकी ही इमारत कुणाला माहीत आहे?"

चीफसाहेब बारा वर्षांपूर्वी नवखे म्हणून आले होते तेव्हा काकांनीच त्यांना कुठला व्हॉल्व्ह कुठे जातो ते शिकवलं होतं. आता ते साहेब होते, पण 'काका' म्हणायचं त्यांनी सोडलं नव्हतं.

बाई पस्तिशीची, चष्मा डोळ्यांपेक्षा केसांतच जास्त. कंबरेला पाऊच, पाऊचात बारीक स्क्रूड्रायव्हर, तोंडात टेपचा तुकडा. काकांनी 'मॅडम' म्हटल्यावर टेप काढून म्हणाली, "मॅडम नका म्हणू हो. माझ्या घरच्यांनी ऐकलं तर हसून लोळतील."

"मग काय म्हणू?"

"ताई म्हणा. शिडी धरणाऱ्याने ताईच म्हणावं."

काकांनी शिडी धरली. ताईंनी दिवसभरात चार केबल ओढल्या. प्रत्येक तारेच्या टोकाला पितळी टोपी दाबायची, ती टर्मिनलमध्ये सारायची, स्क्रू आवळायचा, आणि मग तार एकदा ओढून बघायची. हे ओढून बघणं त्या एकदाही विसरल्या नाहीत. केबलवरची जाळी मात्र त्यांनी पेटीच्या बाजूलाच अर्थला जोडली, कंट्रोलरूमच्या बाजूला कापून टेप गुंडाळली.

"तिकडे का नाही जोडली?" काकांनी विचारलं.

"दोन्हीकडे जोडली की जाळीतूनच करंट फिरायला लागतो आणि आकडे नाचतात. एका टोकाला बांधायची, दुसऱ्या टोकाला मोकळी सोडायची."

"म्हणजे नवऱ्यासारखं."

ताई शिडीवर इतक्या हसल्या की काकांना शिडी दोन्ही हातांनी धरावी लागली.

मंगळवारी सकाळी तपासणी. काका कंट्रोलरूममध्ये पडद्यासमोर, ताई खाली पेटीपाशी, दोघांच्या हातात वॉकीटॉकी. पेटीतून गॅस नसतानाही खोटा करंट सोडता येतो. तो सोडायचा आणि पडद्यावर काय दिसतं ते विचारायचं.

"काका, एक नंबरला चार मिलिअँप सोडलाय. काय दिसतंय?"

"शून्य."

"बरोबर. आता बारा सोडते, चार ते वीसच्या बरोबर मधला. पन्नास दिसायला हवा."

"शंभर दिसतोय हो."

ताई धापा टाकत जिने चढून आल्या, केसांतला चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पडद्यामागच्या सेटिंगमध्ये शिरल्या. "हे बघा. सेन्सर शंभरपर्यंत मोजतो, आणि इथे कुणीतरी दोनशे लिहून ठेवलंय. सगळं दुप्पट दिसलं असतं. पहिल्याच दिवशी तुम्ही सगळे पळत सुटला असता." त्यांनी चारही ठिकाणी आकडा दुरुस्त केला.

काकांना मात्र वेगळीच शंका होती. "ताई, गॅस शून्य असताना करंट चार कशाला? शून्याला शून्यच का नाही पाठवत?"

ताईंनी खुर्ची वळवली. हा प्रश्न त्यांना आवडला होता, हे दिसत होतं. "समजा शून्याला शून्यच पाठवला. मग उंदराने तार कुरतडली तर काय येईल?"

"शून्य."

"आणि गॅस नसेल तर?"

"शून्यच."

"मग तुम्हाला कसं कळणार, हवा स्वच्छ आहे की तार मेली आहे? म्हणून चार. चार आला म्हणजे, मी जिवंत आहे आणि गॅस नाही. शून्य आला म्हणजे, मी मेलोय, माझ्यावर विसंबू नका. सेन्सरच बिघडला तर पेटी स्वतःहून दोन पाठवेल, तसं लावलंय मी. चारच्या खाली काहीही आलं की पडद्यावर 'बिघाड' येणार. खोटा शून्य कुणालाच दिसायला नको. काहीच न दिसण्यापेक्षा तो वाईट."

काकांनी उगाच टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवलं.

दुपारी खऱ्या गॅसची परीक्षा होती. कंट्रोलरूममध्ये दुसरा ऑपरेटर बसला आणि काका ताईंबरोबर मशीनरूमच्या पहिल्या सेन्सरपाशी उभे राहिले. ताईंकडे दोन छोट्या बाटल्या होत्या, प्रत्येकीला नळी आणि नळीला टोपी. त्यांनी पहिली बाटली सेन्सरला लावली. फुस्स आवाज झाला.

सवयीने काकांनी ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. पण ताईंची नजर हातातल्या मीटरवर होती, चेहरा कोरा. न बोलणं बरं दिसणार नाही असं काकांना वाटलं. ते नाक आक्रसून म्हणाले, "हं. चांगलाच तिखट आहे."

ताईंनी मान वर केली. "काय तिखट आहे?"

"गॅस."

ताईंनी बाटली बंद केली. तिच्यावरचं लेबल काकांकडे वळवलं. "ही हवा आहे, काका. स्वच्छ हवा. आधी हिने शून्य बघून घ्यायचा असतो."

काकांचा हात उगाच खिशातल्या पट्ट्यांकडे गेला. ताईंनी दुसरी बाटली लावली, नळ उघडला, आणि दोनच क्षणांत खोकत एक पाऊल मागे सरल्या. काका जागचे हलले नाहीत. हलायचं कशासाठी, तेच त्यांना कळलं नव्हतं.

"पन्नास!" वॉकीटॉकीवर ऑपरेटर ओरडला. "ताई, बरोब्बर पन्नास!"

"ठीक," ताई म्हणाल्या आणि बाटली बंद केली. मग हळूच, "किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"कुणाला माहीत आहे?"

"घरी. फक्त घरी."

ताईंनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "मी कुणाला जाऊन सांगणार नाही. ते माझं काम नाही. पण तुम्ही इथे लोकांना 'हवा साफ आहे' म्हणून सांगता, आणि लोक तुमच्या शब्दावर आत जातात. माझा भाऊ अशाच एका प्लँटमध्ये आहे, काका. तो कुणाच्या शब्दावर आत जात असेल, ते मला माहीत नाही." एवढं बोलून त्या बाटल्या पिशवीत भरायला लागल्या, आणि काकांना वाटलं, ही रागावली असती तर बरं झालं असतं.

काकांनी हात धुतले, टोपी काढून हातात घेतली आणि चीफसाहेबांच्या केबिनचं दार वाजवलं. आत जाऊन त्यांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. ताप, दूध, कागदाच्या पट्ट्या, दुसऱ्यांच्या नाकपुड्या. मघाच्या बाटलीपर्यंत सगळं. शेवटी म्हणाले, "साहेब, मी दीड वर्ष खोटा शून्य देतोय."

साहेब एकदम भडकले. "दीड वर्ष? काका, गेल्या पावसाळ्यात मी स्वतः तुमच्या मागून पंपरूममध्ये उतरलोय! तुम्ही म्हणालात, 'या, काही नाही,' आणि मी आलो! घरी माझी मुलगी आहे!"

"होय साहेब."

"काय होय साहेब?" साहेब उठून खिडकीपाशी गेले, परत आले. "आजपासून तुम्ही खाली उतरायचं नाही. घरी जा. मला विचार करू दे."

काकांनी मान हलवली. दारापर्यंत गेले आणि थांबले. "साहेब, जातो. पण त्या ताईंनी एकाच सेन्सरवर गॅस सोडून बघितलाय. तीन आणि चार बघितल्याशिवाय त्यांना सोडू नका."

"का?"

"नकाशात तीन म्हणजे पंपरूम आणि चार म्हणजे बोळ. पण हे पॅनेल बसवलं तेव्हा फिटरने तारा उलट्या जोडल्या होत्या. मी तिथेच उभा होतो. तेव्हा म्हणाला, नंतर बदलतो, आणि गेला तो गेलाच. आम्हाला जुन्यांना माहीत आहे, चारचा दिवा लागला की पंपरूमकडे पळायचं. कागदावर कुठेच नाही. आता पडद्यावर नकाशातली नावं घातली आहेत."

साहेबांनी वॉकीटॉकी उचलला. दोघे खाली गेले. ताईंनी पंपरूमच्या सेन्सरला बाटली लावली, आणि वर पडद्यावर 'बोळ' या नावाखालचा आकडा चढत चढत पन्नासवर जाऊन उभा राहिला.

ताई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "माझं सगळं काम बरोबर, आणि सगळं चूक! नमुना म्हणून दोनच सेन्सर बघायचं ठरलं होतं, मशीनरूममधले. उद्या सह्या करून मी गेले असते." त्यांनी पेटी उघडली, तारांच्या दोन जोड्या सोडवून आपापल्या जागी लावल्या, एकेक ओढून पाहिली, आणि पुन्हा चारही ठिकाणी हवा आणि गॅस सोडला. नंतर नकाशावर लाल पेनाने दुरुस्ती केली. दुरुस्ती सुचवणाऱ्याच्या जागी त्यांनी काकांचं खरं नाव विचारून घेऊन लिहिलं. तिथल्या तिघाचौघांना ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

काका घरी गेले. बायकोला म्हणाले, "सांगितलं." तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. तीन दिवस ते घरातल्या घरात फिरत राहिले, कपाटाची बिजागरी दुरुस्त केली, नळाचा वायसर बदलला, आणि फोन वाजला की लांबूनच बघत. चौथ्या दिवशी चीफसाहेबांचा फोन आला.

"काका, मी अजून रागावलेलो आहे," साहेबांनी सुरुवातच अशी केली.

"असायलाच हवं, साहेब."

"पण स्वतःवरही रागावलोय. एवढा मोठा प्लँट एका माणसाच्या नाकावर सोडून आम्ही सगळे निवांत होतो, ही काय तुमची चूक? उद्यापासून नियम केलाय. पंपरूममध्ये कुणीही एकट्याने उतरायचं नाही, आणि गळ्यात छोटा डिटेक्टर असल्याशिवाय तर नाहीच. नाक कसंही असो. आणि तुम्ही कंट्रोलरूममध्ये बसायचं, पडद्यासमोर. आकडा हलला तर तो कुठून हलला ते सांगणारा माणूस मला तिथे हवाय. याल ना?"

काका फोन कानाला धरून नुसतीच मान हलवत राहिले. शेवटी बायकोनेच फोन हातात घेऊन सांगितलं, "येतील हो साहेब. नक्की येतील."

कंट्रोलरूममध्ये पहिले काही दिवस काकांना उघड्यावर बसल्यासारखं वाटलं. चार आकडे, चार रेघा, आणि बहुतेक वेळ सगळीकडे शून्य. पण हा शून्य वेगळा होता. तार जिवंत आहे हे माहीत असताना बघितलेला शून्य. सहकाऱ्यांनी थोडी थट्टा केली, मग सोडून दिली. 'हुंगेकाका' हे नाव काही गेलं नाही. काकांनाही ते जायला नको होतं.

सहा आठवडे झाले असतील. एका दुपारी तीनच्या सुमाराला पंपरूमच्या रेघेने अंग हलवलं. शून्याचे दोन झाले. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. दोनाचे चार झाले, पाच, मग पुन्हा चार. पंचवीसचा पिवळा दिवा फार लांब होता. खालची पेटी अजून निवांत हिरवीच होती. काका रेघेकडे बघत राहिले. ती खाली यायचं नाव घेत नव्हती. सहा. सात.

त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "पंपरूम. सात आहे आणि चढतोय. दुसऱ्या पंपाच्या शाफ्टचं सील बघा. पंखा आधी चालू करा, मास्क लावा, दोघं जा. आणि दोघं म्हणजे दोघंच, तिसरा दाराबाहेर."

दोघं उतरले. दहा मिनिटांनी आवाज आला, "काका, सीलच आहे. थेंब थेंब. पंप बंद केलाय." संध्याकाळपर्यंत सील बदललं. सहा वाजता रेघ पुन्हा तळाला टेकली. कुणालाही खोकलासुद्धा आला नव्हता. फिटर वर येऊन म्हणाला, "ते सील चिरलं होतं हो. उद्यापर्यंत टिकलं नसतं," आणि सहज, जाता जाता, काकांच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

घरी गेल्यावर काकांनी डायरीतून ताईंचा नंबर शोधला. इतक्या दिवसांत फोन केला नव्हता; काय बोलायचं ते सुचत नव्हतं. आज लावला. पलीकडे कुठेतरी ड्रिलचा आवाज चालला होता.

"ताई, मी हुंगेकाका."

"अरे वा! थांबा, शिडीवरून उतरते." आवाज थांबला. "बोला. आकडे नाचतायत का?"

"नाही हो. एकदम शहाण्यासारखे वागतायत." मग त्यांनी दुपारची सगळी हकीकत सांगितली, दोन, चार, पाच, परत चार, सगळे आकडे नीट क्रमाने. शेवटी म्हणाले, "तुमच्यामुळे झालं, ताई."

"वा रे वा. तीन आणि चारच्या तारा उलट्याच राहिल्या असत्या तर आज तुम्ही माणसं बोळात पाठवली असती. त्या कुणामुळे सुलट झाल्या? मी त्यानंतर प्रत्येक कामावर सगळेच सेन्सर गॅस सोडून बघते. ठेकेदार वैतागतो. त्याला सांगते, मला एका काकांनी शिकवलंय."

काका काही बोलायला गेले, पण बायको केव्हाची शेजारी येऊन उभी होती आणि हात पुढे करून थांबली होती. "ताई, एक मिनिट हं," ते म्हणाले, "घरात एकजण बोलायचंय म्हणतेय."

बायकोने फोन कानाला लावला. तिने त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर तिने नुसता पदर चाचपला. "मी ह्यांची मंडळी बोलतेय," ती म्हणाली. "फार काही नाही. दीड वर्ष हे कामावर गेले की मी संध्याकाळपर्यंत दाराकडे कान लावून बसायची. आता नाही बसत. दुपारी झोप लागते मला. तेवढंच सांगायचं होतं."

पलीकडून ताई काय म्हणाल्या ते काकांना ऐकू आलं नाही. पण बायको बराच वेळ ऐकत होती, आणि हळूहळू हसायला लागली. मग खुर्ची ओढून ती ऐसपैस बसली आणि तिने विचारलं, "आणि तुमचा तो प्लँटमधला भाऊ कसा आहे हो?"